पाटणचेरूची जनुकपेढी आणि कोंभाळण्याची परसबाग

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जनुकपेढीत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग अशा कोरडवाहू पिकांच्या बियाण्यांचे एक लाखाहून अधिक नमुने जपलेले असून त्यांतील बऱ्याच नमुन्यांची राखीव प्रत नॉर्वेतील स्वालबार्डच्या भूमिगत कोठारात ठेवलेली आहे. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारी 'आशा' तूर याच संस्थेची. मात्र आमच्या कडव्या वालाला तिथल्या मुख्य पिकांत स्थान नाही.

अशा गावठी वाणांची काळजी अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी बायफ या ग्रामविकास संस्थेच्या साहाय्याने वाहिली. वाल-घेवड्याचे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचे, बायकांना परसबागेसाठी द्यायचे आणि हंगामानंतर वाढीव बी परत घ्यायचे, ही रीत मला प्रयोगशाळेइतकीच शास्त्रशुद्ध वाटते. शीतगृहात बी जिवंत राहते खरे, पण बदलत्या पावसाशी त्याची ओळख मातीतच होते. म्हणूनच संशोधकांनी वाण निवडतानाच या बायकांना विचारावे, असे माझे मत आहे; डाळ लवकर शिजते की नाही, हे उत्पादनाच्या आकड्यांत दिसत नाही.