सावनेर ते सिव्हिल लाइन्स : मास्टर दीनानाथांच्या गाण्याचा नागपुरी माग

गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा माग काढायचा तर लोक मंगेशी, सांगली, पुणे अशी वाट धरतात, आणि ते बरोबरच आहे. 29 डिसेंबर 1900 चा जन्म मंगेशीचा, नाटक मंडळीनंतरची सिनेमाची धडपड सांगलीतली आणि 24 एप्रिल 1942 चा शेवट पुण्यातला. पण त्यांच्यासाठी नाटकं कुणी लिहिली आणि त्यांच्यामागे ते गाणं कुणाच्या गळ्यात राहिलं, असं विचारलं की पावलं विदर्भाकडे वळतात. म्हणून नागपूर मुक्कामी धरून मी एक दिवस आखला : सकाळी सावनेर, दुपारी सीताबर्डी, संध्याकाळी सिव्हिल लाइन्स.

गणेशपेठच्या बसस्थानकावरून सावनेरची एसटी पकडली. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की पाटणसावंगी, आणि तासाभरात सावनेर. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा. अकरानंतर गावात पायी हिंडणं होत नाही. न्याहारी तर्री पोह्यांची, ती बस सुटण्याआधीच उरकून घ्यावी.

सावनेर का, तर नाटककार राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला इथे वारले. वय अवघं 33. ‘भावबंधन’ नाटक हातून पुरं झालं आणि पाठोपाठ ते गेले. त्याआधी, 1918 मध्ये, चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ हे तिघे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले होते आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली होती. नव्या कंपनीला पडदे उसने मिळतात, पेटीवाला मिळतो, पण स्वतःचं म्हणावं असं नाटक मिळत नाही. जुनी नाटकं सगळ्याच मंडळ्या करायच्या, मग प्रेक्षकांनी हिच्याच तंबूत का यावं? ‘भावबंधन’ हे बळवंतचं खरं भांडवल ठरलं. चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका, म्हणजे स्त्रीभूमिका. सावनेरच्या रस्त्यावर उभं राहून एकच हिशोब मनात येतो : गडकरी गेले तेव्हा दीनानाथ नुकते अठरा पूर्ण झालेले होते.

दुपारी परत येऊन मेट्रोने झाशी राणी चौक. स्टेशनजवळच विदर्भ साहित्य संघ आहे. जुन्या नाटकांच्या संहिता वाचायच्या असतील तर आधी ग्रंथालयाच्या वेळा विचारून जा, आणि संहिता पदांसकट आहे ना ते पाहा. काही आवृत्त्यांत पदावर राग-ताल आणि ‘चाल अमुक’ असं छापलेलं असतं, काहींत नुसते शब्द. चालीचा उल्लेख गेला की पद अर्धं गेलं.

इथे वाचावं ते वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’. वामनराव अमरावतीचे, म्हणजे पुन्हा विदर्भच. हे नाटक बळवंतने 1927 मध्ये रंगमंचावर आणलं. दीनानाथांची तेजस्विनी. स्वातंत्र्याची भाषा पदांतून थेट बोलणारं ते नाटक, आणि त्याला असा गळा लाभला ज्यात आर्जवापेक्षा आवेश जास्त. बालगंधर्वांचं गाणं शब्दाला कुरवाळत जातं. दीनानाथांची तान शब्दाच्या पोटातून अचानक उसळते, सपाट वर जाते आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आदळायच्या क्षणी हलकी होते. त्या गाण्यावर पंजाबी ढंगाची छाया आहे. माझ्या मते 1931 च्या सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्गा’तली गायक रामकृष्णबुवा वझे यांच्या चालींची पदं या गळ्याला सर्वांत जवळची.

हे कानांनी तपासायचं तर मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेली ध्वनिमुद्रणं आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर वन्समोअर घेत पंधरा-वीस मिनिटं फुलणारं पद तेवढ्यात कोंबलेलं, म्हणून घाईचं वाटतं. तो दोष गायकाचा मानू नका. दुसरी अडचण वेगाची. तबकडी 78 ऐवजी 80 फेऱ्यांनी फिरवून उतरवली असेल तर सूर जवळपास अर्धी पट्टी चढतो, आवाज बारीक होतो आणि तान खरी होती त्याहून जलद भासते. साथीच्या ऑर्गनचा सूर काळी एक आणि पांढरी दोन या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या मध्येच अडकलेला ऐकू आला, तर संशय घ्या. मात्र जुने ऑर्गन आजच्या पट्टीवर लावलेले असतीलच असं नाही, तेव्हा त्याच गायकाची दोन-तीन मुद्रणं शेजारी ठेवून आवाजाचा पोत ताडून पाहावा.

ऑर्गन म्हणजे पायपेटी. भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे आणि सूर अखंड. हाताची पेटी हवा बाहेर ढकलते, हा ऑर्गन सहसा ती आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज गोल आणि भरीव. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सांध्यांतून हवा गळते आणि वादकाला दुप्पट पाय मारावे लागतात; पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. कुणी दुरुस्तीला देताना आधी भात्याचं कातडं आणि सांधे तपासायला सांगावं, सुरांना हात नंतर.

संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. गायक वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा, 2 मे 1920 चा, पण गाण्याचे पहिले धडे नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. तिथे त्यांच्याबरोबर शिकत होते पुढचे संगीतकार सी. रामचंद्र. दीनानाथांच्या गाण्याने वसंतरावांना कायमचं पकडलं. ती झेप, ते अनपेक्षित वळण त्यांनी नकलेसारखं नाही, स्वतःच्या अभ्यासातून पचवून घेतलं.

ते कुठे ऐकायचं, तर ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकात, वसंतरावांच्या खाँसाहेबांमध्ये. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, पहिला प्रयोग 24 डिसेंबर 1967. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन पात्रांच्या तोंडी, दोन रागांत आणि दोन चालींत आहे. पंडितजींचं सालगवराळीतलं, संथ, शब्दाला धरून चालणारं. खाँसाहेबांचं धानीतलं, चपळ, तानेच्या जोरावर उडणारं. आधी पंडितजींचं लावा, मग वसंतरावांचं, आणि लगेच दीनानाथांची एखादी तबकडी. मग वसंतरावांची ‘मकरंद’वरून सुटणारी तान कुठून आली ते कुणी सांगावं लागत नाही.

नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला या सभागृहात याल तर वेळेआधी वीस मिनिटं आत बसा. तबला बाहेर लावून आणला तरी वातानुकूलित हवेत नि दिव्यांखाली तबल्याच्या पुडीचं कातडं ताणतं आणि सूर चढतो. पावसाळ्यात दारं उघडी राहिली तर उतरतो. ऑर्गनचा सूर तर हलत नाही, तबल्यालाच त्याच्याकडे यावं लागतं. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर, हातोडीचे ते हलके ठोके पडत असतात, मागून पायपेटीचा षड्ज चालू असतो, आणि पडदा अजून बंद असतो.