पोरांच्या डब्याचं तुम्हाला काय पडलंय?

‘आम्ही काय खाऊन वाढलो हो? चिंचा, बोरं, बर्फाचा गोळा, गाड्यावरची भजी. काय धाड भरली आम्हाला? मग तुम्हीच का पोरांच्या खाण्यामागं हात धुऊन लागलाय?’

हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, गिरणीत दळणाच्या रांगेत विचारतात, काउंटरवर पासबुक पुढं सरकवतानाही विचारतात. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वरच्या खिशात जेवणाआधीची गोळी असते. त्यामुळं ‘काय धाड भरली’ याचं उत्तर मी सहसा देत नाही. पण बाकीचा प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बार्शीत एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. माझी मुलगी गावातल्या खासगी इंग्रजी शाळेत जाते आणि जाऊबाईंची दोन पोरं खेड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत. दिवाळीत तिघं एकत्र आली की शाळेत काय काय खाल्लं यावर गप्पा रंगतात. त्या ऐकताना माझ्या ध्यानात आलं की ज्या शाळेला आम्ही वर्षाला घसघशीत फी भरतो, तिथं पोरांनी काय खावं याचा कुणी विचारच केलेला नाही. आणि जिथं फी नाही, तिथल्या पोराच्या ताटाचा ग्रॅमपर्यंत नियम आहे.

तो नियम बघण्यासारखा आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. म्हणजे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. हे काही आपसूक झालेलं नाही. शालेय पोषण आहाराची ही योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, तेव्हा आपल्याकडं कोरडा तांदूळ घरी न्यायला मिळायचा, महिन्याला 3 किलो, तोही हजेरी भरली तर. तो घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात जायचा, पोराच्या वाट्याला किती येत असेल देव जाणे. मग 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिजवलेलं जेवण द्या, वर्षातले किमान 200 दिवस द्या. त्यानंतर आपल्या शाळांत खिचडी शिजू लागली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हे जेवण पोराचा हक्कच झालं. 2021 मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं, पण गावात अजून ‘खिचडी’च म्हणतात.

आता पैशाचं. मे 2025 पासून पाचवीपर्यंतच्या एका पोरामागं दिवसाला 6 रुपये 78 पैसे मिळतात, सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे. धान्य वेगळं मिळतं. बाकी डाळ, भाजी, तेल, तिखटमीठ, गॅस सगळं एवढ्यात बसवायचं. सवयच हिशेबाची, म्हणून मी मांडून पाहिलं. तूरडाळ 120 रुपये किलो धरली तर 20 ग्रॅमचे 2 रुपये 40 पैसे. भाजी 40 रुपये किलोनं 50 ग्रॅम, 2 रुपये. तेल 150 रुपयांनी धरलं तर 75 पैसे. झाले 5 रुपये 15 पैसे. उरलेल्या 1 रुपया 63 पैशांत गॅस, हळद, मोहरी, मीठ. पावसाळ्यात चाळीसनं भाजी कोण देतो ते मला दाखवा. खिचडी पिवळं पाणी का झाली म्हणून स्वयंपाकाच्या बाईवर ओरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा.

आणि त्या बाईचं मानधन? केंद्राच्या हिशेबात महिना 1000 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. हा आकडा 2009 पासून जिथल्या तिथं आहे. राज्य वरून भर घालतं म्हणून निभतं, नाहीतर चुलीपुढं कुणी उभं राहिलं नसतं.

खासगी शाळेतल्या माझ्या मुलीच्या मधल्या सुट्टीचा भाव मात्र 5 रुपये. पाच रुपयांत चमचमीत पाकीट. वेफर, कुरकुरीत नळ्या, क्रीमची बिस्किटं, सगळं पाचच्या नोटेत बसवलेलं. ‘आम्हीही चिंचा-बोरं खाल्ली’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर इथं सुरू होतं. बोरं हंगामात यायची, हंगाम संपला की संपायची. गोळेवाला उन्हाळ्यात यायचा. भज्यांना पैसे मिळायचे ते बाजारच्या दिवशी. पाकिटाला हंगाम नाही, वार नाही. ते रोज आहे, जून ते एप्रिल. आणि तुम्ही शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत मैदानावर असायचा. आताचं पोर शाळेतून क्लासला जातं, तिथून दुसऱ्या क्लासला. मधे भूक लागली की परत पाकीट.

नियम नाहीत असं मुळीच नाही. मे 2017 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं शाळांच्या उपाहारगृहातून जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ काढायचा निर्णय काढला. 2020 मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं नियम केले: असले पदार्थ शाळेत विकायचे नाहीत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आतही विकायचे नाहीत. तंबाखूला 100 यार्डांचा नियम आहे, तो पाळला जातो का हे तुमच्या गावातली टपरी बघून सांगा. आम्ही काही आया ते 50 मीटर मोजायला टेप घेऊन गेलो होतो फाटकापाशी. लोक हसले, पोरांना मजा वाटली. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की एक गाडा रस्त्याच्या पलीकडं सरकला.

त्या गाड्यावरच्या मावशींशी मग मी बरंच बोलले. त्यांना तिथून हुसकावणं मला कधीच पटलं नाही. दोन पोरींची शिक्षणं त्या समोश्यांवर झालीत, आणि तळण तरी त्या रोजचं रोज करतात. आम्ही म्हटलं, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा ठेवा, काकडी ठेवा, मोड आलेल्या मटकीची भेळ ठेवा, विक्रीला आम्ही मदत करतो. काकडी उन्हाळ्यात धडाक्यात खपली. शेंगा ओल्या असतात तोवर खपल्या. पावसाळा लागला तसा समोसा परत आला. मटकीची भेळ मात्र टिकली, कारण तिच्यावर त्यांनी शेव टाकायला सुरुवात केली. शेव चालेल म्हटलं. सोवळं पाळून ही कामं होत नाहीत.

शाळेच्या आतलं उपाहारगृह जास्त अवघड निघालं. तिथं ठेका आहे, ठेक्याचे पैसे आहेत. सभेत मी विचारलं की पदार्थांची यादी भाव लिहून फळ्यावर लावाल का, तर सगळे विश्वस्त चहाच्या कपात बघायला लागले. 2025 मध्ये सीबीएसईनं सगळ्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कशात किती साखर आहे हे दाखवणारा फलक. आमच्या शाळेनं लगेच लावला, रंगीत आणि छान. शीतपेयांचा फ्रीज त्याच्याच खाली होता. पुढच्या बैठकीत मी त्या दोन्हींचा एकत्र फोटो दाखवला, काही बोलले नाही. आता फ्रीजमध्ये ताक आणि पाणी असतं. वेफर अजून आहेत.

साखरेचंही सांगते. साध्या कोलाच्या 100 मिलीलिटरमध्ये 10-11 ग्रॅम साखर असते. अडीचशेची बाटली म्हणजे पाच चमच्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 5 टक्क्यांत राहिली तर उत्तम. आठ-नऊ वर्षांच्या पोराला ते साधारण 20 ग्रॅम होतं, म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा ओलांडला. आठवी-नववीची पोरं तर परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला वीस रुपयांची एनर्जी ड्रिंक पितात. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, लहान मुलांसाठी नाही. ते अक्षर वाचायला माझा चष्मा पुरत नाही.

पण सगळा दोष पाकिटाच्या माथी मारून मोकळं व्हायलाही मी तयार नाही. सकाळी सातची शाळा, सहा-सव्वासहाला रिक्षा दारात. एवढ्या पहाटे कुठलं लेकरू भाकरी खाईल? अर्धा कप दूध, दोन बिस्किटं, पळ. साडेनऊला ते भुकेनं व्याकूळ असतं आणि समोर लाल-पिवळं पाकीट. 2024 च्या फेब्रुवारीत राज्यानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. कारण झोपेचं दिलं होतं, पण माझ्या मते त्याचा जास्त फायदा न्याहारीला आहे. त्याला विरोध केला तो पालकांनीच, ऑफिसच्या वेळा जमत नाहीत म्हणून. मला त्यांचा रागही येत नाही, माझीही वेळ जमत नव्हती.

मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यात हात धुवायची रांग, नळ दोन, डबा उघडायचा, मैत्रिणीशी बोलायचं, परत ओळीत उभं राहायचं. भाजी-भाकरी चावायला वेळ लागतो, पाकीट दोन मिनिटांत संपतं. आमच्या सगळ्या मागण्यांत ‘सुट्टी दहा मिनिटं वाढवा’ ही सगळ्यात स्वस्त होती, आणि तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

मुलींचं आणखी एक आहे. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या नेतात, भरलेल्या आणतात. कारण विचारलं तर आधी सांगत नाहीत, मग एखादी म्हणते, ‘काकू, तिथं जावंसंच वाटत नाही.’ पाणी प्या म्हणून घंटा वाजवणाऱ्या शाळा आहेत, चांगली गोष्ट आहे. पण आधी कडी लागणारं दार आणि पाणी येणारा नळ हवा. पोरांच्या आरोग्यावर भाषण द्यायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी मुलींच्या स्वच्छतागृहात डोकावायला लावावं असं माझं मत आहे. अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

एक गोष्ट आम्ही ठरवून टाळतो. पोरांना वर्गासमोर वजनकाट्यावर उभं करायचं नाही. ‘जाड्या’, ‘काडी’ ही नावं तिथंच जन्माला येतात. शिवाय आपला प्रश्न फक्त जाड पोरांचा आहे असं समजणं साफ चूक आहे. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाची 24 टक्के मुलं हाडकुळी निघाली, वजन जास्त असलेली 5 टक्के. आणि त्याच सर्वेक्षणात शाळेच्या वयातली सुमारे 10 टक्के मुलं मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणजे हाडकुळ्या पोरालाही साखर सोडत नाही. ‘डाएट’ हा शब्द म्हणूनच आम्ही शाळेत येऊ देत नाही. पोरांनी कमी खावं असं आम्ही कधीच म्हटलं नाही, पोटभर खावं असंच म्हणतो.

जाता जाता भाकरीचं. आमचा भाग ज्वारीचा. मालदांडी इथली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. आणि इथल्या शाळेच्या ताटात तांदूळ. लोक चिडून विचारतात, सरकारला भाकरी देता येत नाही का? मी एकदा स्वयंपाकाच्या बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, शंभर पोरांच्या दोनशे भाकरी आम्ही दोघींनी थापायच्या तर पहाटे तीनला यावं लागंल.’ तांदूळ एका पातेल्यात शिजतो. सरकारी अन्न महामंडळाच्या गोदामातून येतोही तोच. त्यामुळं ज्वारीचा आग्रह धरायचा तर घुगऱ्या, कण्या, गूळ घालून लापशी असं पातेल्यात होणारं काहीतरी सुचवावं लागतं. एका शाळेत कण्या करून पाहिल्या. पोरांनी नाकं मुरडली, पण शेंगदाण्याचं कूट आणि ताक घातल्यावर खाल्ल्या.

अंड्याचं भांडण तुम्हाला माहीतच आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं असतात, लहान पोराच्या ताटातल्या 12 ग्रॅमचा निम्मा वाटा. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्याचा निधी बंद केला आणि द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. मला विचाराल तर हा निर्णय वाईट होता. आमच्या घरी एकादशी, चतुर्थी सगळं पाळतात, मी स्वतः अंडं खात नाही. पण जाऊबाईंची पोरं बुधवारची वाट बघत होती.

म्हणून आता विचारणाऱ्यांना मी एक काम सांगते. पोराचा वाढदिवस आला की वर्गात चॉकलेटं वाटू नका. तेवढ्याच पैशात जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला त्या दिवशीची अंडी आणि केळी द्या, स्नेहभोजन म्हणून ते घेतात. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि स्वतः जा. पोरांना वाढण्याआधी जेवण मोठ्या माणसांनी चाखायचं असतं, पालकही चाखू शकतात, आणि त्याचं चव रजिस्टर शाळेत ठेवलेलं असतं. मांडी घालून बसा, चाखा, मीठ कमी असेल तर कमी लिहा, चांगली झाली असेल तर तसं लिहा, खाली नाव घाला. बऱ्याच रजिस्टरांत ‘चव उत्तम’ महिनाभर एकाच पेनानं लिहिलेलं असतं.