तिसऱ्या दशांशातला कोळसा

मी 'जहाजावर' आहे असंच अजून आमच्या नातेवाइकांना वाटतं. खरं म्हणजे मी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जहाजावर जातो आणि बहुतेक वेळा रात्री जेवायला डोंबिवलीला असतो. मरीन ऑपरेशन्सचा कोर्स करता करता एका सर्व्हेअर साहेबांच्या हाताखाली उमेदवारी चालू आहे. जहाज पाण्यात किती बुडालंय ते बघून आत माल किती आहे ते काढायचं, हे आमचं काम. ४२ हजार टन कोळसा कोण तराजूत घालणार?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, अमावस्येचं उधाण. अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, उभ्या असलेल्या जहाजातला कोळसा बार्जमध्ये, म्हणजे सपाट लहान मालनौकांमध्ये, उतरून धरमतरच्या खाडीत जायचा होता. त्याआधीचा पहिला सर्व्हे आमच्याकडे, माल घेणाऱ्याच्या बाजूने. लाँच लाटेवर पूर्ण वर आली की शिडी पकडायची, हात दोरांवर ठेवायचे, पायऱ्यांवर नाही. हे आता अंगवळणी पडलंय.

आधी लाँचमधून फिरून ड्राफ्ट, म्हणजे जहाज किती बुडालंय ते, वाचला. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा आकडे. बाहेर रंगवलेला आकडा १० सेंटिमीटर उंच, त्याच्यावर १० सेंटिमीटर मोकळी जागा, आणि पाणी मात्र सतत खालीवर. लाट कुठवर चढते, कुठवर उतरते ते बघत राहायचं आणि मधलं धरायचं. माझं वाचन साहेबांच्या वाचनाशी सेंटिमीटरपर्यंत जुळतं. सांगताना जरा छाती फुगते, कारण त्या जहाजाला एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ५५ टन.

मग पाण्याची घनता. जहाजाचे तक्ते समुद्राचं पाणी १.०२५ धरून केलेले असतात. पाण्यात गोडं मिसळलं की तेवढ्याच वजनाचं जहाज जास्त बुडतं, म्हणून ती दुरुस्ती करावी लागते. आमच्या क्लासमध्ये घनता गणितातच लिहून येते. 'घनता १.०१८ असल्यास...' ती कुठून आली, कोणी बघितली, हा प्रश्न भरभक्कम फी घेणाऱ्या एकाही मास्तरला पडलेला मी पाहिला नाही.

जहाजाच्या चीफ ऑफिसरने कागदावर आधीच १.०२३ लिहून ठेवलं होतं. कधी घेतली, असं साहेबांनी विचारल्यावर कळलं की काल रात्री, म्हणजे भरतीला. आत्ता सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती, आणि पाताळगंगा नि अंबा या नद्यांचं लाल पाणी खाडीतून सगळं बाहेर येत होतं. ड्राफ्ट आत्ताचा, तर पाणीही आत्ताचंच हवं.

मी सॅम्पलर सोडला. वरून एक मीटरवर, मध्यावर आणि जहाजाच्या तळाच्या पातळीला. पाणी उंच नळीत ओतायचं, घनता दाखवणारा हायड्रोमीटर हलकेच गिरकी देऊन सोडायचा म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, मग गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. काचेला चढलेली कड वाचायची नाही. आकडे आले १.०१४, १.०२१, १.०२३. सरासरी १.०१९३.

तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे या जहाजावर ५३ टन. घनता जितकी कमी धरू, तितका माल कमी भरतो. १.०२३ धरलं तर बिल ऑफ लेडिंगपेक्षा, म्हणजे माल चढवताना कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा, माल ४० टनच कमी. १.०१९ धरलं तर २५१ टन कमी. धंद्यात अर्धा टक्का फरक चालवून घेतात. ४२ हजारांचा अर्धा टक्का २१०. आणि १.०२० धरलं तर तूट १९८.

साहेबांनी १.०२० लिहिलं.

चीफ ऑफिसरने लगेच सही केली आणि कॉफी मागवली. मी मराठीत हळूच म्हटलं, "सर, सरासरी तर एकोणीसच येते." साहेब म्हणाले, "वरचा गोडा थर पातळ असतो रे. त्याला तळाएवढाच मान कशाला देतोस?"

बरोबरच आहे. पण थर पातळ आहे हे मोजलं कुठे? दोन मीटरवर, तीन मीटरवर आणखी दोन नमुने घेतले असते तर कळलं असतं. तेव्हा दीड वाजला होता, लाँचवाला दोनदा हॉर्न मारून गेला होता, आणि वाद होणार असं दिसलं की साहेब घड्याळ बघतात, ही त्यांची जुनी सवय. शिवाय थर खरंच नगण्य असेल तर उत्तर १.०२१ च्या पुढे जायला हवं. १.०२० ना माझ्या सरासरीतून निघत, ना त्यांच्या पातळ थरातून. तो फक्त २१० च्या आत बसतो. बरं, तूट दाखवण्यात फायदा आमच्याच पार्टीचा होता, म्हणजे साहेबांनी कुणाचं मीठ खाल्लं असंही म्हणता येत नाही.

परतताना मी मागच्या बाजूला बसलो. लाल पाण्यात लाँचच्या पंख्याने मागे हिरवट-राखाडी पट्टा काढला होता. खालचं पाणी वर येत होतं. लाँच चालवणाऱ्या रेवसच्या तांडेलाला विचारलं, हा लाल थर केवढा असेल?

"वावभर," तो म्हणाला. "त्याच्याखाली खारं."

एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर. ड्राफ्ट होता साडेदहा. मोबाइलवर हिशेब केला. वरच्या वावभराला १.०१४, खाली उरलेल्या ८.७ मीटरला १.०२२. उत्तर आलं १.०२०६.

पुन्हा केलं. तेच.

साहेब तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. मी उठवलं नाही.