डिमन आवराआवर, भाग ३: स्टॉप केलेलं कप्स परत उठलं

लिनक्सवर मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे डिमन, त्यातले नको ते मी एकेक करून बंद करतोय. मागच्या भागात ब्लूटूथ आणि मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारा डिमन) बंद केले होते, ते अजून बंदच आहेत आणि काही अडलं नाही. मोडेममॅनेजर गेल्याचा तर फायदाच झाला, कारण मी सिरीयल पोर्टवर प्रोग्रॅम अपलोड करायचे बोर्ड जोडतो आणि त्याचं जुनं व्हर्जन नवीन पोर्ट दिसलं की त्यावर मोडेमच्या कमांड पाठवून बघायचं, अपलोड मधेच लटकायचं.

या वेळी कप्स, म्हणजे प्रिंटिंग सांभाळणारी सर्व्हिस. प्रिंटरच नाही, मग ६३१ पोर्टवर कोणी ऐकत कशाला बसायचं? सिस्टमसीटीएल (सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) स्टॉप दिलं, खाली एक वॉर्निंग आली ती नीट वाचली नाही. तासाभराने पीडीएफ वाचताना कंट्रोल-पी दाबलं गेलं, प्रिंटची विंडो उघडली आणि सहज स्टेटस बघतो तर कप्स परत अ‍ॅक्टिव्ह!

मग स्टेटसमधली 'ट्रिगर्ड बाय' ही ओळ नीट बघितली, तिथे कप्स-सॉकेट (जोडणीची वाट बघणारं युनिट) आणि कप्स-पाथ (फाइलवर नजर ठेवणारं युनिट) दोघं बसलेत. म्हणजे सर्व्हिस झोपलेली असली तरी सॉकेट सिस्टमडीने (सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम) स्वतःच्या हातात धरलेलं असतं, कुठल्याही अ‍ॅपने तिथे टकटक केली की तो सर्व्हिसला उठवतो. हे मला फार आवडलं खरं तर, डिझाईन भारी आहे, फक्त बंद करताना तिघांनाही एकदम स्टॉप आणि डिसेबल करायचं. आता दोन दिवस शांत आहे.

मास्क मुद्दाम नाही केलं. मास्क म्हणजे युनिटची लिंक सरळ डेव्ह-नलकडे (लिनक्समधली कायम रिकामी फाइल), मग कोणीही बोलावलं तरी उठणार नाही, आणि सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही की हे का चालत नाहीये. डिसेबलने भागत असेल तर तिथेच थांबा.

एक पाऊल मागे पण घेतलं. बूटला कोणी किती वेळ घेतला ते दाखवणाऱ्या सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेममधे नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेटवर्क येईपर्यंत थांबणारी सर्व्हिस) सगळ्यात वर दिसलं म्हणून डिसेबल केलं, तर बूटला एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरचं माउंट फेल, कारण नेटवर्क यायच्या आधीच माउंट व्हायला गेलं. परत चालू केलं. ब्लेममधे वर आहे म्हणजे बूट त्यानेच अडवलंय असं नसतं, बरंच काही समांतर चालू असतं, त्यासाठी क्रिटिकल-चेन (कोण कोणासाठी थांबलं ती साखळी) बघायची. पुढे एफएसटॅबमधे (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) ऑटोमाउंट लावून बघणार आहे, म्हणजे फोल्डर उघडल्यावरच माउंट होईल.

अवाहीला (लोकल नेटवर्कवर मशीन नावाने शोधून देणारा डिमन) हात लावलेला नाही, दुसऱ्या मशीनवर मी डॉट-लोकल नावानेच एसएसएच (दुरून लॉगिन) करतो.