आडम मास्तर आणि कुंभारीची घरं

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या, बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं, आणि आमच्याशी गप्पा मारता मारता हात चालूच, बघायची गरजच नाही. पान घे, चिमूटभर तंबाखू, वळ, टोक दुमड, दोरा. हजार झाल्या की दिवस संपला, मग त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि तिथं खराब म्हणून बाजूला काढल्या तर तेवढी मेहनत वाया. पत्र्याची एकच खोली, ती पण भाड्याची, त्यातच चूल, त्यातच पोरं झोपायची. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्याला तो तंबाखूचा वास वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणून नरसय्या आडम म्हटलं की मला आधी आमदारकी आठवत नाही, अक्कांचं "मास्तर बोलावलेत" आठवतं. मास्तरांनी बोलावलं म्हणजे लाल बावट्याचा मोर्चा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, तरी बायका जायच्याच.

1978, 1995 आणि 2004, असे तीन वेळा ते माकपचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, आमदार झाले. मंत्रिपद कधी नाही. पण बिडी कामगार बायकांसाठी 10 हजार घरं उभी केली, अक्कलकोट रोडला कुंभारीत, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बायकांनी स्वतः भरलेले पैसे. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं, वारली आदिवासींना लढ्यात उभं करणाऱ्या गोदूताई. 2006 ला मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं मिळाली. अक्कांना चावी मिळाली तेव्हा त्या कितीतरी वेळ नुसतं दार उघडझाप करत होत्या, हे मी स्वतः बघितलंय.

मग 'रे नगर' ही दुसरी वसाहत, 30 हजार घरं, यात बिडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, शिलाईवाले, कचरा वेचणारे सगळे. 2019 च्या जानेवारीत मोदी पायाभरणीला आले, मास्तरांनी त्यांचं कौतुक केलं आणि पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. माणूस आयुष्यभर ज्यासाठी भांडला ते समोर दिसतंय, तर दोन चांगले शब्द निघणारच ना. तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. 2024 च्या जानेवारीत त्यातली 15 हजार घरं कामगारांना मिळाली.

आणि निवडणुका? 2009 पासून प्रत्येक वेळी पडले, 2024 ला पण. लोक म्हणतात घरं घेतली आणि मतं दिली नाहीत, पण हे अर्धंच खरं आहे. मास्तर उभे राहायचे सोलापूर शहर मध्य मतदारसंघातून आणि घरं शहराबाहेर कुंभारीला, तिकडं राहायला जाऊन मतदार यादीत नाव बदललं की ते मत मास्तरांना मिळणार कुठून? आपलेच मतदार स्वतःच्या हातानं मतदारसंघाबाहेर नेऊन बसवणारा दुसरा पुढारी मला तरी माहीत नाही.

शेवटच्या निकालाच्या संध्याकाळी अक्कांना फोन केला. "माझं नाव आता इकडल्या यादीत आहे की रे," एवढंच म्हणाल्या, मग बराच वेळ दोघं पण गप्प होतो.