हे कोण बोलतंय?

सकाळी ताईने माझ्या गोष्टीची वही परत दिली. आवडलं म्हणाली, दोनदा रडले म्हणाली, पण पान ४२ च्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात तीन शब्द लिहिलेत, 'हे कोण बोलतंय?' दिवसभर तेवढंच डोक्यात फिरतंय.

आधी रागच आला. प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचं नाव घातलंय की ठळक. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही 'मी' म्हणूनच बोलतात, तिथे नाही कुणाचा गोंधळ होत. फोन करून ताईला तेच म्हटलं तर म्हणे, अगं नाव कोण बघतं, मी गोष्टीत असते. मग नुसतं रडूच आलं. दोन वर्षं मी या तिघांबरोबर राहतेय, बाबा, मुलगी, सून, रात्री झोपताना पण तेच डोक्यात, आणि वाचणाऱ्याला तिघांचा आवाज एकच यावा? म्हणजे इतके दिवस मीच बोलत होते का सगळ्यांच्या तोंडून?

दुपारी ते पान काढून बसले. 'मी दार लावलं, दिवा मालवला, बाबांच्या उशाशी पाणी ठेवलं.' कोण आहे हे? बाई की पुरुष तेही कळत नाही! मराठीत 'गेले' म्हटलं की बाई आणि 'गेलो' म्हटलं की बहुतेक पुरुष, मी त्या भरवशावर होते, पण लावलं, मालवला, ठेवलं ही क्रियापदं दाराच्या, दिव्याच्या, पाण्याच्या मागे जातात, बोलणाऱ्याचा पत्ताच देत नाहीत. आणि दिला असता तरी काय, मुलगी आणि सून दोघी बायकाच. दोघी 'बाबा'च म्हणतात, दोघी त्यांच्याबद्दल 'उठले, जेवले'च म्हणतात. हे मला दोन वर्षांत एकदाही खटकलं नाही याचं जास्त वाईट वाटतंय.

बाबांच्या प्रकरणात ताई कुठेच अडली नाही. ते एकटे राहिल्यावरही 'आम्ही' म्हणतात, 'आम्ही लवकर झोपतो'. ती लकब मी कुणाची उचललीय ते ताईला कळलं असणार. ती त्यावर काही बोलली नाही, मीपण नाही.

परत ताईचे तीन शब्द वाचले. ती चुका काढत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की त्या रात्री उशाशी पाणी कुणी ठेवलं. आणि मला तरी नक्की माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. मुलगी त्या घरात वाढलेली, ती पाणी ठेवलं म्हणून सांगणारच नाही, तिला ते लक्षातही राहणार नाही. सांगेल ती सून, कारण तिच्यासाठी ते काम आहे.

म्हणून तो परिच्छेद सुनेकडे दिला. मुलीच्या प्रकरणाला आता नवीन पहिलं वाक्य आहे, 'बाबा अजून उठला नाही.' नुसतं 'उठले नाहीत'चं 'उठला नाही' केलं आणि ती एकदम समोर येऊन बसली, मग पुढची दोन पानं तीच सांगत गेली. पेन्सिल खोडलेली नाही. उद्या ताईकडे वही परत नेते, यावेळी नावं झाकून.