तिला कळणारही नाही

"ती शाळेत गेली की टाकून द्या ना. तिला कळणारही नाही." लेकीच्या खोक्याकडे बघून घरी आलेला जवळपास प्रत्येक जण हे सुचवतो आणि हा कचरा कशाला सांभाळताय, असं विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

मी काहीच टाकत नाही असं नाही. आखूड झालेले कपडे, जुन्या वह्या, तुटकी खेळणी सगळं जातं. पण तिला विचारून. खोक्यातले गोटे, पेन्सिलीचं थोटूक, मोडक्या गाडीचं एक चाक, यातलं काहीही तिच्या नकळत हलत नाही. कारण एकदा हलवलं होतं.

ती चार वर्षांची असताना तिच्याकडे उशीचा एक अभ्रा होता. त्याचं शिवणीचं टोक नाकाशी घासत ती झोपायची. ते तोंडातही जायचं. अभ्रा विरला होता, कुबट वास मारायचा. धुवायला काढला की रडारड. एका रात्री ती गाढ झोपल्यावर मी तो काढून घेतला आणि जोडीतला दुसरा तिच्या हाताखाली सरकवला. तीच फुलं, तेच माप. टोक मऊ व्हावं म्हणून दोन दिवस आधीपासून चोळत होतो.

पहाटे ती उठून बसली. टोक चाचपलं, हुंगलं. "बाबा, हा तो नाहीये."

"तोच आहे गं. धुतलाय फक्त."

तिनं परत हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. जुना अभ्रा तेव्हा कचऱ्याच्या डब्यातच होता. उठून आणून देता आला असता. सकाळी तो गेला. पुढे कितीतरी रात्री ती टोक नाकाशी धरून विचारायची, "वास परत कधी येणार?" मी म्हणायचो, येईल.

नंतर वाचत गेलो. मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वस्तूची हुबेहूब नक्कल काढणारं यंत्र आहे, असं लहान मुलांना भासवलं. रोज कवटाळून झोपायची वस्तू यंत्रात ठेवायलाच काहींनी नकार दिला. ज्यांनी ठेवली त्यांतल्या बहुतेकांना आपली मूळचीच परत हवी होती. बालरोगतज्ज्ञ डॉनल्ड विनिकॉट यांनी तर १९५०च्या दशकातच लिहिलं होतं, की अशी वस्तू आई मळू देते, कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडतो.

त्यांनीच असंही म्हटलंय, की मूल मोठं होताना अशा वस्तूसाठी शोक करत नाही, तिच्यातला अर्थच ओसरत जातो. मग हे माझं काय चाललंय? मला सलतं ते खोटं, अभ्रा नव्हे, असं मी मानत आलो. पण तसलं कापड लेकीच्या तोंडात जाऊ देणं मला आजही पटत नाही. तेव्हाचा मी काळजीपोटीच वागलो. तरी त्याला विचारावंसं वाटतं, निदान ते टोक तरी कापून का नाही ठेवलंस?

लेक आता अकराची आहे. तिला अभ्रा आठवतो का, हे मी कधी विचारलेलं नाही. परवा तिनं आपणहून खोका आवरला आणि गाडीचं चाक टाकून दिलं. तिचं होतं, तिनं टाकलं. ती झोपल्यावर मी ते डब्यातून काढून घेतलं. माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिला सांगितलेलं नाही.